कुलूप झिलाक, चावी झिलाकडे

पॅरेंटल कंट्रोल ही सोय ज्यांनी काढली ते एक गोष्ट धरून चालले आहेत: घरात फोनमधलं जास्त ते आईबापांना कळतं. अमेरिकेत तसं असेलही. आमच्या मालवणात, वायरीपासून देवबागच्या टोकापर्यंत, कुठल्याही घरात जाऊन 'फोनातला कोणाक समाजता?' असं विचारून बघा. घरातली सगळी बोटं एकाच दिशेला जातात आणि तिथे सहावी-सातवीतला एक इसम चड्डी सावरत उभा असतो. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, तोच लक्ष ठेवणाऱ्या खात्याचा तांत्रिक सल्लागार.

तरी पालकांना कंट्रोल हवाच असतो, आणि तो बसवून द्यायचं काम वाडीत माझ्याकडे येतं. मुंबईत बँकेत नोकरी करून गावी परतलेल्या माणसाला यंत्रातलं सगळं कळतं, अशी इथे ठाम समजूत आहे. मिक्सर फिरत नाही, टीव्हीवर मुंग्या दिसतात, गॅसची सबसिडी जमा झाली नाही, या सगळ्या एकाच जातीच्या तक्रारी. त्यांत आता पोरांच्या फोनची भर.

या कामाला हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी, ६१ दिवसांची. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली जातात, जाळी पडवीत येतात आणि एरवी पहाटे बाहेर पडणारा माणूस दिवसाढवळ्या घरात दिसू लागतो. घरी बसलं की घरातल्या गोष्टी नजरेला पडतात. कौल कुठे सरकलंय ते दिसतं, शेजाऱ्याचा माड आपल्या हद्दीत किती वाकलाय ते दिसतं, आणि जाळं दुरुस्त करताना मान वर केली की समोर झील मान खाली घालून बसलेला दिसतो. आमच्या शेजारच्या भाऊंनी हे आठवडाभर सोसलं. मग पोराला आणि पोराच्या फोनला घेऊन माझ्या पडवीत आले. म्हणाले, "ह्येका कायतरी लावा. दिसभर मान वर करणा नाय."

'कायतरी' म्हणजे गुगलचं फॅमिली लिंक. २०१७ साली निघालं. बापाच्या फोनवरून मुलाच्या फोनला वेळ बांधून द्यायची, रात्री तो निजवायचा, नवीन ॲप घ्यायचं तर बापाची मंजुरी घ्यायला लावायची आणि पोर कुठे आहे ते नकाशावर बघायचं, अशी ती व्यवस्था. आयफोनवाल्यांना २०१८पासून त्यांचं स्क्रीन टाइम आहे. पण आमच्याकडे आयफोन आढळतो तो किल्ल्याच्या होडीतून उतरताना पर्यटकाच्या हातून निसटलेला. तो भरतीच्या ताब्यात जातो. त्याला आणखी कंट्रोल नको.

पहिलंच पान जन्मतारखेचं. भाऊंची कागदोपत्री तारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. महाराष्ट्रात त्या काळातल्या असंख्य माणसांचा वाढदिवस याच दिवशी येतो. खरे भाऊ नारळी पुनवेच्या आसपासचे, असं आजी सांगते. बंदी सुरू होते त्याच दिवशी आमच्या अर्ध्या वाडीचा सरकारी वाढदिवस असतो आणि कोणी केक कापत नाही. पण गुगलच्या दफ्तरात १ जूनही नव्हता. भाऊंचं खातं थोरल्या मुलीने उघडून दिलं होतं आणि तारीख विचारल्यावर तिने सवयीने स्वतःची घातली होती. झिलाने आपलं खातं आपणच उघडलं होतं. खरी तारीख घातली तर बारक्या पोरांचं खातं मिळतं, हे त्याला मधल्या सुट्टीत कळलेलं होतं. त्याने सालाचं चाक बोटाने जोरात फिरवलं आणि ते १९८४वर थांबलं. म्हणजे गुगलच्या दरबारी बाप सोळा वर्षांचा आणि झील चाळिशी ओलांडलेला. आता पालक कोण आणि पाल्य कोण हे फोनने विचारलं, तेव्हा कागदपत्रं पाहता झिलाची बाजू भक्कम होती.

"काका," तो नम्रपणे म्हणाला, "असा असात तर मी बाबांका कंट्रोल लावूक शकतय."

नियमांत ते बसत होतं. मी भाऊंना सांगितलं नाही.

वय दुरुस्त करायचं तर भाऊंचा पासवर्ड हवा. तो भाऊंना ठाऊक नव्हता, झिलाला होता. मी तो इथे देत नाही. वाडीतल्या सगळ्या मुलांना तो पाठ आहे, पण उगाच मोठ्यांना कळायला नको. मग फोनने अंगठा मागितला. भाऊंनी पुढे केलेला अंगठा मी जवळून पाहिला. रापण ओढून, दोर धरून आणि वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात भिजून त्यावरच्या रेषा पार गेलेल्या. मधोमध घट्टा, कडेला सुरीची जुनी खूण, नखाच्या बेचक्यात खवल्याचा एक चकचकीत कण. रेशनच्या दुकानात मशीन हा अंगठा घेत नाही आणि फोनही घेत नाही. भाऊंनी तो लुंगीला पुसून पुन्हा पुन्हा दाबला. फोन दर वेळी थरथरला आणि नाही म्हणाला. शेवटी झील पुढे आला, त्याने आपला अंगठा टेकवला आणि बापाचा फोन उघडला.

"तुझो अंगठो ह्येच्यात कित्याक?"

"बाबांचो लागणा नाय. मगे माझोच घातलंय."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण मी शाळेपासून ऐकत आलो. त्या चोराने आपल्या हाताचा ठसा देऊन जामदारखान्याला कुलूप बसवल्याचं मात्र प्रथमच पाहिलं.

पुढे संमतीची पानं. एकामागून एक, बारीक अक्षरांत. देवळात गाऱ्हाणं चालू असताना मागे उभी असलेली मंडळी काय मागणं चाललंय ते न ऐकता दर विरामाला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसं भाऊंनी प्रत्येक पानाखाली 'मान्य आहे' दाबलं. म्हणजे झिलाकडून दाबून घेतलं. आपल्या कैदेच्या हुकमावर स्वतःच्या हाताने शिक्के मारणारा इतका हसतमुख कैदी बघून मला तेव्हाच संशय यायला हवा होता, असं आता भाऊ म्हणतात. स्वतःला आला नाही ते सोडून देतात.

अखेर कुलूप बसलं. दिवसाला दीड तास. रात्री नऊला फोन निजणार. नवीन खेळ बापाच्या परवानगीशिवाय नाही. भाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरून उलटासुलटा करून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "आता कसो!"

आमच्या लहानपणी संध्याकाळचं कुलूप राखणदाराच्या हाती असे. दिवेलागणीनंतर गावाच्या सीमेवर देवचार फिरतो, त्याच्या वाटेत पोराने येऊ नये, एवढं सांगितलं की सगळी पोरं तिन्हीसांजेला पाय धुऊन घरात. राखणदाराकडे बोनस टाइमची सोय नव्हती. फॅमिली लिंकमध्ये ती आहे. 'अजून पंधरा मिनिटं' म्हणून मुलाने गळ घातली तर बापाने एक बटण दाबायचं. ज्याने हे बटण ठेवलं त्याला मुलं नसावीत, किंवा फार असावीत.

पहिल्याच रात्री नऊ वाजता फोन निजला आणि सव्वानऊला शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ आला. गृहपाठ येतो बाबांच्या नंबरवर. तो वहीत उतरवून घ्यायला बाबांचा फोन घ्यावा लागतो. बाबांच्या फोनला नऊचा नियम नाही. साडेदहापर्यंत गृहपाठ चालला आणि मधूनमधून त्यातून गोळीबाराचे आवाज येत होते, असं आजीचं म्हणणं.

शाळेला बोल लावण्यात अर्थ नाही. फोन आपणच पोरांच्या हातात दिला. २०२०च्या सुरुवातीपर्यंत पोराने फोनला हात लावला की पाठीत धपाटा बसत असे. त्याच वर्षी जूनपासून फोन हातात घेतला नाही म्हणून बसू लागला. शाळा बंद, वर्ग फोनात. आणि फोन असून भागत नाही, रेंज लागते. आमच्या जिल्ह्यात रेंज हा भूगोलाचा धडा आहे. त्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावच्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर जिथे नेट मिळतं तिथे झोपडी घालून दिवसदिवस अभ्यास केला. तिची गोष्ट देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. फोन म्हणजे विष, असं कोणी फार जोरात म्हणू लागलं की मी त्या झोपडीची आठवण करून देतो. तो माणूस मग विषय बदलतो, किंवा खिशातला फोन काढून झोपडीचा फोटो शोधत बसतो.

पुढच्याच वर्षी उलट झालं. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. खांब मोडले, माड पडले, छपरं उडाली, आणि मालवण-देवगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. फोन एकामागून एक मेले. थोरांचे आधी, कारण त्यांनी फॉरवर्ड करण्यात बॅटरी घालवली. पोरांनी मात्र जपून वापरला. संकटात कोणाला कशाचं भान असतं ते तेव्हा नीट दिसलं.

तर भाऊंच्या घरी नऊचा नियम रीतसर सुरू झाला आणि आजीने पहिली हरकत घेतली. ती जात्याच मुद्द्याची बाई. नातवाचा फोन निजल्यावर तिने समोरच्या खाटेकडे बोट केलं. "झिलाचो फोन नऊ वाजता निजता, मगे बापाशीचो बारापर्यंत कित्याक जागो?" खाटेवर भाऊ पालथे पडून रील्स बघत होते. बंदीत मासे मारता येत नाहीत, म्हणून ते केरळातल्या माणसांनी मासे मारलेले बघतात. झिलाने मला गुपचूप भाऊंच्या फोनमधलं डिजिटल वेलबीइंग उघडून दाखवलं. पाच तास चाळीस मिनिटं, तेही भाऊंच्या मते नेट नीट चालत नसलेल्या दिवशी.

आजीचा हा मुद्दा सांगली जिल्ह्यात एका गावाने केव्हाच ओळखला आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाईल बंद. मोबाईलबरोबर टीव्हीही बंद, म्हणजे मालिका बघणाऱ्यांची सुटका नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी. पण मला विचाराल तर मी वडगावचा. बांशीच्या ठरावात हात वर करणारे सगळे नियमातून सुटले. वडगावचा भोंगा वाजला की ठराव मांडणाऱ्यालाही रिमोट खाली ठेवावा लागतो. पुढे १० डिसेंबर २०२५पासून ऑस्ट्रेलियाने सोळाखालच्यांना सोशल मीडियाची दारं बंद केली. ती बातमी आमच्या वाडीत पोहोचली ती अकरा वर्षांच्या एका मुलीने तिच्या आईला इन्स्टाग्रामवर दाखवली म्हणून.

मालवणी माणूस नियम पाळत नाही, असं घाटावरचे लोक म्हणतात. ते खोटं आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. तीच गावपळण. सबंध गाव ओस. कोणाला अर्ज नाही, बोनस टाइम नाही, 'माझं ऑफिसचं काम आहे' नाही. पोरं कुरकुर न करता जातात, कारण बापही डोक्यावर बोचकं घेऊन पुढे चाललेला असतो. असा कौल जर कधी फोनच्या बाबतीत झाला तर पहिल्या दिवशी पोरांना काही होणार नाही. ती झोपड्यांमागे क्रिकेट मांडतील. बापांना कापरं भरेल.

कायद्याने १ ऑगस्टला बंदी उठते, रिवाजाने समुद्राला नारळ वाहून होड्या लोटतात. भाऊ निघाले. समुद्रावर ते बटणांचा साधा फोन नेतात. खाऱ्या पाण्याची भीती, म्हणून स्मार्टफोन घरी, फळीवरच्या स्टीलच्या डब्यात. म्हणजे सगळी सूत्रं ज्या फोनमधून हलायची तो पोह्यांच्या शेजारी, आणि कुटुंबप्रमुख टॉवरच्या पलीकडे. पुढचं मला त्यांच्या थोरल्या मुलीने सांगितलं. झील आपल्या फोनवरून नव्या खेळासाठी विनंती पाठवतो. फळीवरच्या डब्यात टिंग वाजतं. तो स्टुलावर चढतो, डबा उघडतो, अर्ज वाचतो, अंगठा लावतो, मंजूर करतो आणि स्टुलावरून उतरून आपल्या फोनवर मंजुरी आली का ते बघतो. अर्जदार तोच, अधिकारी तोच. सरकारी कामाला इतका वेग मी कुठल्याच कचेरीत पाहिलेला नाही. कधी कधी तो अर्ज नामंजूरही करतो म्हणे. विचारलं तर म्हणाला, "सगळेच दिले तर बाबांका संशय येतलो."

हे झालं बापाच्या फोनचं. खरी मोकळी वाट आजीच्या फोनमधून जाते. तिला तो मुंबईच्या लेकीने व्हिडिओ कॉलसाठी घेऊन दिला. त्याला कंट्रोल लावायचं कोणाच्या मनात येत नाही, कारण सत्तरी उलटलेल्या बाईला कोण आवरणार. पॅटर्न सरळ खाली आणि उजवीकडे. मी एकदा तिचं यूट्यूब उघडलं. वर डबलबारी भजन, त्याखाली बंदुकीच्या खेळाचा दीड तासाचा व्हिडिओ, मग सत्यनारायणाची कथा, मग बंदूक, मग दशावतार, मग 'या सात युक्त्यांनी शत्रूला हरवा'. यूट्यूबच्या हिशेबात आमची आजी अतिशय धार्मिक आणि तितकीच रक्तपिपासू आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बघूंदे रे पोर. मी जपमाळ ओढीसर तेचा बघून जाता." 

नकाशाचा भाग राहिला. पोर कुठे आहे हे बापाला ठिपक्याने दिसतं, ही जाहिरातीतली मोठी गोष्ट. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथे ठिपका जरा घसरला की थेट पाण्यात. डोंबिवलीला असलेल्या एका चाकरमान्याने मे महिन्यात आजोळी पाठवलेल्या मुलाचा ठिपका भर दुपारी समुद्रात पाहिला आणि देवबागेत जेवढे नंबर होते तेवढे फिरवले. दोन होड्या निघायच्या बेतात होत्या. मुलगा मामीकडे फणस खात होता, फोन खिडकीत चार्जिंगला. वाडीची आपली व्यवस्था याहून चोख आहे. पोर शाळा चुकवून बंदरावर दिसलं की ते घरी पोहोचायच्या आत "गो, तुझो झील धक्क्यार दिसलो" हा निरोप आईकडे पोहोचलेला असतो. सोबत कोण होतं, शर्ट कुठला होता, बर्फाचा गोळा खाल्ला तो लाल की हिरवा, हेही. त्या निरोपाला नोटिफिकेशन बंद करायची सोय नाही.

आता सरकारही यात उतरतंय. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरायची तर कंपनीने पालकाची पडताळून घेतलेली संमती मिळवायला हवी. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम निघाले. या संमतीच्या तरतुदी अमलात यायला दीड वर्षाची मुदत आहे. पालक खरोखरच सज्ञान पालक आहे की सोळा वर्षांचे भाऊ आहेत, हे ओळखायला डिजिलॉकरसारख्या सरकारी पुराव्याचा आधार घेता येईल, असं त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त दिल्लीकरांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो: भाऊंचं डिजिलॉकर गेल्याच वर्षी झिलाने उघडून दिलंय, आणि त्याचा सहा आकडी पिन भाऊंना ठाऊक नाही.